अंथरूण धरण्याची शंभर वर्षे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाला शोधून आणायचे आणि त्याचा पाय दुखऱ्या जागी लावून घ्यायचा, हा उपाय आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ठाऊक असेल. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. गावात असा एखाददुसराच असायचा, त्यामुळे त्याला भाव असे. शिकलेली माणसे या उपायाला हसत. पण पायाळूचा पाय लागल्यावर आठ-पंधरा दिवसांत माणूस खरोखरच उठून कामाला लागतो, हे हसणाऱ्यांनीही पाहिलेले असे.

यातली मेख अशी की पाठदुखीचा स्वभावच विचित्र आहे. अचानक धरलेली कंबर बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपली आपण सुटते. तेवढ्या काळात जो कोणी मदतीला आलेला असेल त्याच्या पदरात श्रेय पडते. मग तो पायाळू असो, चोळायला आलेला पैलवान असो, नाहीतर महागडे मलम असो. मी आज ज्या उपचाराबद्दल बोलणार आहे त्याच्या पदरात असे श्रेय शंभराहून अधिक वर्षे पडत राहिले. तो उपचार मात्र मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या डॉक्टरांनी सांगितलेला होता. तो म्हणजे, कंबर दुखतेय ना, मग झोपून राहा.

आपल्याला वाटते की दुखले की माणूस आडवा होतो, यात कसला आलाय इतिहास? पण एखाद-दोन दिवस पडून राहणे वेगळे आणि डॉक्टरांनी सहा-सहा आठवडे झोपवून ठेवणे वेगळे. हे दुसरे जे आहे, त्याला इतिहास आहे, आणि तो बऱ्यापैकी अलीकडचा आहे. पूर्वीच्या शेतकऱ्याला किंवा हमालाला कंबर दुखली म्हणून दीड महिना झोपणे परवडणारेच नव्हते.

लंडनच्या गायज रुग्णालयात जॉन हिल्टन नावाचे शल्यचिकित्सक होते. विश्रांती आणि वेदना या विषयावर त्यांनी दिलेल्या व्याख्यानांचे पुस्तक १८६३ साली निघाले आणि पुढे कित्येक पिढ्या वैद्यकाचे विद्यार्थी ते वाचत राहिले. शरीराचा जो भाग दुखतो त्याला विसावा द्या, म्हणजे निसर्ग आपले काम करील, असा त्याचा गाभा. त्याच काळात लिव्हरपूलमध्ये ह्यू ओवेन थॉमस काम करत होते. हे मोठे विलक्षण गृहस्थ. वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यात जन्मलेले, पण रीतसर वैद्यकीय शिक्षण घेतलेले. गोदीतल्या मजुरांवर ते उपचार करत आणि रविवारी गरिबांना फुकट तपासत. दुखावलेल्या हाडाला नि सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हवी, हा त्यांचा मंत्र होता. त्यांनी तयार केलेली पायाची स्प्लिंट त्यांच्या भाच्याने, रॉबर्ट जोन्स यांनी, पहिल्या महायुद्धात मोठ्या प्रमाणावर वापरात आणली आणि मांडीचे हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण वाचले.

थॉमस यांचे काही चुकले नव्हते, हे मुद्दाम सांगतो. त्या काळी सांध्यांचा क्षय घरोघरी होता आणि क्षयावर औषध नव्हते. क्षयाने पोखरलेला गुडघा किंवा मोडलेले हाड हलू न देणे हाच त्यावरचा शहाणपणाचा उपाय होता. घोटाळा पुढे झाला. मोडलेल्या हाडाला जे लागू पडले ते न मोडलेल्या, नुसत्याच दुखणाऱ्या पाठीलाही लागू पडेल, असे गृहीत धरले गेले. ते तपासून कोणी पाहिले नाही. उसनवारीने आलेला उपचार घरचाच होऊन बसला.

त्याला बळकटी देणाऱ्या दोन गोष्टी नंतर घडल्या. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघांनी १९३४ साली दाखवून दिले की दोन मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाब देते आणि त्यामुळे पायात कळा जातात. ही ‘स्लिप डिस्क’ आता आपल्या रोजच्या बोलण्यात आली आहे. शोध खरा होता, पण त्यानंतर साध्या पाठदुखीकडेही डॉक्टर आणि रुग्ण दोघेही ‘गादी सरकली असणार’ याच नजरेने पाहू लागले. सरकलेल्या वस्तूला हलवू नये, हे ओघानेच आले. दुसरी गोष्ट स्वीडनमधली. १९६० च्या दशकात आल्फ नाकेमसन यांनी जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून तिथला दाब मोजला. उभे असताना जितका दाब असतो त्याहून बसल्यावर जास्त आणि आडवे झाल्यावर सगळ्यात कमी, असे त्यांना आढळले. झाले! झोपण्याला आता आकड्यांचा आधार मिळाला. दाब कमी होतो म्हणजे माणूस लवकर बरा होतो असे काही नाकेमसन यांच्या मोजमापाने सिद्ध झाले नव्हते. ते ऐकणाऱ्यांनी मनातल्या मनात जोडून घेतले.

आपल्याकडेही हेच ज्ञान आले, इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून जसेच्या तसे. माझ्या लहानपणी आमच्या चाळीत गिरणीत जाणारे एक गृहस्थ होते. त्यांची कंबर धरली तेव्हा पलंगावरची गादी काढून खाली फळी टाकली गेली, पायाला वजने बांधून ट्रॅक्शन लावले गेले आणि दीड महिना हलायचे नाही असे बजावले गेले. ते बदली कामगार होते. बदली कामगाराने सकाळी फाटकावर हजेरी दिली तर काम, नाहीतर त्याच्या जागी दुसऱ्याचे नाव. दीड महिन्यात त्यांच्या बायकोने शेजारच्या खानावळीत पोळ्या लाटायचे काम धरले, ते पुढे कायमचेच झाले. असे सांगणारे डॉक्टर काही अडाणी नव्हते. पुस्तकात तेच लिहिले होते. पण त्या सल्ल्याची किंमत कुणी मोजायची, याचा हिशेब त्या पुस्तकांत नव्हता.

शंका घेणारी माणसे अधूनमधून निघत होती. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या आडगावात काम करणारी एलिझाबेथ केनी ही त्यांतली एक. पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय तेव्हा महिनोन्महिने स्प्लिंटमध्ये जखडून ठेवत. केनीबाई ती बंधने काढत, गरम लोकरी पट्ट्यांनी शेक देत आणि स्नायू हलवून घेत. डॉक्टरांशी त्यांचे कधी पटले नाही. आपल्या पद्धतीची त्या जी कारणमीमांसा सांगत ती बरीचशी चुकीचीही होती, पण मुले हालचाल करू लागत. १९४० साली त्या अमेरिकेत गेल्या आणि पुढच्या काही वर्षांत जखडून ठेवण्याची रीत मागे पडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली, तीही पोलिओमुळेच. अपंग झालेल्या मुलांकडून व्यायाम करवून घेणारी शिकलेली माणसे हवी होती. म्हणजे त्या काळात पोलिओ झालेल्या मुलाला हलवायचे आणि कंबर धरलेल्या त्याच्या बापाला झोपवायचे, असे दोन परस्परविरोधी उपचार एकाच वेळी चालू होते, आणि त्याचे कुणाला नवल वाटत नव्हते!

रिचर्ड अ‍ॅशर या इंग्रज डॉक्टरांनी १९४७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरूण धरण्याच्या धोक्यांवर एक लेख लिहिला. लेख छोटा आणि खुसखुशीत. पडून राहिलेल्या माणसाच्या रक्तात गुठळ्या होतात, हाडे विरळ होतात, स्नायू सुकतात, पोट बिघडते, मन खचते, अशी त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत यादीच दिली. लोकांनी लेख मिटक्या मारत वाचला. आजही तो वाचला जातो. पाठदुखीच्या रुग्णांचे झोपणे मात्र चालूच राहिले.

पडून राहिल्याने शरीराचे नेमके किती नुकसान होते, हे मोजण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे झाला. वीस वर्षांचे पाच धडधाकट तरुण निवडले आणि त्यांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले. व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे आधी आणि नंतर मोजले. तीन आठवड्यांत ही क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घटली. खरी गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, याच पाच जणांना पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीचे होते, वजने वाढलेली. पण तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी हानी केली होती, त्यापेक्षा विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या झोपेने जास्त केली होती. अवघ्या पाच माणसांवरचा प्रयोग, हे खरे. तरी तो वाचल्यावर दवाखान्यातल्या पलंगाकडे बघण्याची माझी नजर बदलली.

एवढ्यानेही पाठदुखीचा प्रश्न सुटत नव्हता. झोपल्याने नुकसान होत असेलही, पण त्याने पाठ लवकर बरी होत असेल तर काय? याचे उत्तर मिळवायचा मार्ग एकच. सारख्याच दुखण्याचे बरेच लोक घ्यायचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडायचे, एका गटाला झोपवायचे, दुसऱ्याला नाही, आणि मग वाट पाहायची. आपोआप बरे होणारे लोक दोन्ही गटांत सारखेच असणार. त्यामुळे पायाळूचे श्रेय पायाळूला आणि काळाचे श्रेय काळाला मिळते.

१९८६ साली रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमध्ये अशी चाचणी घेतली. २०३ रुग्ण. निम्म्यांना सांगितले, दोन दिवस झोपा. निम्म्यांना सांगितले, सात दिवस झोपा. अजिबात झोपू नका, असे सांगायचे धाडस तेव्हा कुणाला होणे शक्य नव्हते. सांगितले तितके दिवस सगळेच झोपले असेही नाही. तरी निकाल स्पष्ट होता. दुखण्यात फरक काहीच नाही. फरक पडला तो कामावरच्या खाड्यात. दोन दिवसवाल्यांचे सरासरी ३.१ दिवस बुडाले, सात दिवसवाल्यांचे ५.६. एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधायला १९८६ साल उजाडावे लागले, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

ग्लासगोचे शल्यचिकित्सक गॉर्डन वॉडेल यांनी पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, सगळ्या विचारालाच हात घातला. माणसांच्या पाठी काही बदललेल्या नव्हत्या, तरी पाठदुखीमुळे कामावर न जाणाऱ्यांची संख्या ब्रिटनमध्ये वाढतच होती. वॉडेल म्हणू लागले की दुखणे एक आणि दुखण्यामुळे येणारे पंगुत्व हे दुसरे. पाठ नाजूक झाली आहे, हलवली तर मोडेल, ही भीती माणसाला जितकी घरी बसवते तितकी प्रत्यक्ष वेदना बसवत नाही. आणि ही भीती पेरण्यात डॉक्टरांचाही हात असतो, हे त्यांनी स्वतः शल्यचिकित्सक असून सांगितले.

मग हेलसिंकीची चाचणी आली. १९९५ सालची, मला सर्वांत आवडणारी. शहराच्या पालिकेतल्या १८६ कर्मचाऱ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला दोन दिवस झोपणे, दुसऱ्याला पाठीचे खास व्यायाम, आणि तिसऱ्याला काहीच नाही. म्हणजे सोसेल तशी आपली रोजची कामे करत राहायची. सर्वांत हळू बरा झाला तो झोपलेला गट. पहिला नंबर कुणाचा? व्यायाम करणाऱ्यांचा नव्हे, रोजची कामे करणाऱ्यांचा. व्यायामाच्या कैवाऱ्यांनाही हा निकाल गिळायला जड गेला असणार. ताज्या दुखण्यात मुद्दाम घाम गाळायची गरज नसते, भांडी घासणे, बाजारात जाणे, ऑफिसला जाणे हेच पुरते, असा त्याचा अर्थ.

कुणी म्हणेल, साध्या उसणीचे ठीक आहे, पण पायात कळ जाणाऱ्या सायटिकाचे काय? नेदरलँड्समध्ये १८३ रुग्णांवर तेही पाहिले गेले. १९९९ साली निकाल आला. बारा आठवड्यांनी झोपलेल्या गटात ८७ टक्के सुधारले होते आणि न झोपलेल्यांतही ८७ टक्केच. त्याच वर्षी लॅन्सेटमध्ये एका गटाने १५ वेगवेगळ्या आजारांत अंथरुणावर ठेवण्याच्या ३९ चाचण्या एकत्र मांडल्या. जिथे झोपणे हाच उपचार होता, तिथे एकाही आजारात त्याचा ठोस फायदा दिसला नाही. काहींत तोटाच दिसला.

याच सुमारास एमआरआय आला, आणि त्याने नवी भीती आणली. १९९४ साली अमेरिकेत कधीच पाठदुखीची तक्रार नसलेल्या ९८ लोकांच्या पाठीचे एमआरआय काढले. त्यांतल्या ६४ टक्के लोकांच्या गाद्यांत काही ना काही बिघाड दिसला. ठणठणीत माणसे बरं का! म्हणून ‘गादी फुगली आहे’ असा अहवाल हाती आला की लगेच हातपाय गाळू नयेत. चेहऱ्यावर सुरकुत्या याव्यात, तसे त्यातले बरेचसे असते.

कागदावरचे हे ज्ञान घराघरात कसे पोहोचवायचे, हा वेगळाच प्रश्न. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९७ मध्ये दूरचित्रवाणीवर जाहिरातींची मोहीमच काढली. पाठ दुखली तर पडून राहू नका, हालते राहा, कामावर जा. तुलनेसाठी शेजारचे न्यू साऊथ वेल्स राज्य होते, जिथे ही मोहीम नव्हती. व्हिक्टोरियात लोकांचे समज बदलले, डॉक्टरांचेही बदलले आणि पाठदुखीसाठीचे भरपाईचे दावे १५ टक्क्यांहून अधिक घटले. कुणाच्याही पाठीला हात न लावता!

आपल्याकडे फळीवर झोपण्याचा सल्ला अजून ऐकू येतो. स्पेनमध्ये २००३ साली ३१३ जुनाट पाठदुखीवाल्यांना कडक आणि मध्यम कडक अशा गाद्या देऊन पाहिल्या. मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. फळी उगाच बदनाम करायची नाही. ज्याला जमिनीवर सुखाने झोप लागते त्याने खुशाल झोपावे, पण ते औषध म्हणून नव्हे.

आता दुसरी बाजू. दुखणे तीन महिन्यांच्या पुढे गेले, जुनाट झाले, की व्यायामाची पाळी येते. इथे तरी व्यायाम जिंकतो का? जिंकतो, पण गाजावाजा होतो तेवढा नाही. २०२१ साली कॉक्रेन संस्थेने २४९ चाचण्यांचा आढावा घेतला. शंभर गुणांच्या मापावर, काहीच न करणाऱ्यांपेक्षा व्यायाम करणाऱ्यांची वेदना साधारण १५ गुणांनी कमी. हालचालीत फायदा त्याहून थोडा. व्यायामाच्या प्रकारांवरून मात्र फिजिओथेरपीत पूर्वी घराणी होती, गाण्यासारखी. अमेरिकेतले विल्यम्स पुढे वाका म्हणत. न्यूझीलंडचे मॅकेन्झी मागे वाका म्हणत. १९५६ साली त्यांचा एक रुग्ण चुकून डोक्याकडून वर उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला आणि त्याला बरे वाटले, त्यातून त्यांची पद्धत निघाली. दोन्ही घराण्यांचे शिष्य हिरिरीने भांडत. बहुसंख्य रुग्णांना कोणताही व्यायाम नेमाने केला तर उपयोग होतो, हे त्यानंतर हळूहळू दिसून आले.

पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीचीही अशीच पारख झाली. ब्रिटनमध्ये ३१३ जणांच्या एका चाचणीत अर्ध्यांना बारा आठवडे योगाचे वर्ग दिले. शिकवणाऱ्यांत अय्यंगार परंपरेचे शिक्षक होते. निकाल २०११ मध्ये आला. योग करणाऱ्यांना वर्षभरानंतरही हिंडणे-फिरणे, घरकाम सोपे जात होते, पण वेदनेच्या आकड्यात मोठा फरक नव्हता. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. दुखणे राहिले, पण आयुष्य अडेनासे झाले. वॉडेल यांनी दुखणे आणि पंगुत्व यांत जी फारकत केली होती तीच इथे दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट पाठदुखीवर २०२३ च्या डिसेंबरात मार्गदर्शिका काढली. तिच्यात व्यायाम आहे, रुग्णाला नीट समजावून सांगणे आहे. ट्रॅक्शन आणि कंबरेचे पट्टे मात्र नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत, असे लिहिले आहे. आपल्या औषधाच्या दुकानांत ते पट्टे अजून दारातच टांगलेले दिसतात.

एक खबरदारी सांगायलाच हवी. पाठदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, बैठकीच्या जागेला बधिरपणा आला, पायातली ताकद जाऊ लागली, ताप किंवा वजन घटणे असले, किंवा पडल्या-आपटल्यावर दुखू लागले, तर हालते राहण्याचा सल्ला बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरकडे जायचे. असे रुग्ण थोडे असतात, पण असतात.

पाठदुखीची खोड अशी की ती गेली तरी परत येते. त्यावर ऑस्ट्रेलियात २०२४ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांपैकी अर्ध्यांना चालायला सांगितले. प्रत्येकाला झेपेल तिथून सुरुवात, आणि हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्धा-अर्धा तास. फिजिओथेरपिस्टबरोबर सहा बैठका. उरलेल्यांना काही दिले नाही. न चालणाऱ्यांचे दुखणे साधारण ११२ दिवसांत उलटले, चालणाऱ्यांचे २०८ दिवसांनी.